भावाने बहिणीला घर विकलं, तरी सोसायटीला २५ हजार द्यायचे का? हस्तांतरण प्रीमियमची माफी कुणाला मिळते आणि ती सिद्ध कशी करायची?

समजा, ठाण्यातल्या एका सोसायटीत थोरल्या भावाचा फ्लॅट आहे. निवृत्तीनंतर तो गावी राहायला जातो आणि फ्लॅट धाकट्या बहिणीला विकतो. व्यवहार घरातलाच आहे, पण तो रीतसर होतो. करारनाम्याची नोंदणी होते, मुद्रांक शुल्क भरलं जातं, बहिणीचं गृहकर्जही मंजूर होतं. बँकेला आता फक्त सोसायटीचा ना-हरकत दाखला, म्हणजे एनओसी हवी आहे.

बहीण सोसायटीच्या ऑफिसात जाते. सेक्रेटरी सांगतात, "ताई, ट्रान्सफरचे २५ हजार भरा, पत्र लगेच देतो." ती म्हणते, "अहो, घर माझ्या सख्ख्या भावाचं आहे. घरातल्या माणसाला प्रीमियम लागत नाही ना?" सेक्रेटरी दोघांची कागदपत्रं पाहतात. भावाचं आडनाव एक, बहिणीचं दुसरं. "तुम्ही भाऊ-बहीण आहात हे या कागदांवरून कसं कळणार?"

हे उदाहरण काल्पनिक आहे, पण त्यातला पेच महाराष्ट्रातल्या अनेक सोसायट्यांमध्ये येतो. दोघांचंही म्हणणं बरोबर आहे. बहिणीला माफी आहे. पण नातं कागदावर दाखवल्याशिवाय कमिटी ती देऊ शकत नाही. तोवर कर्जाचा हप्ता बँकेत अडकतो आणि भावाचे पैसेही.

हा प्रीमियम नेमका काय असतो, तो कुणाला लागत नाही आणि माफी हवी असेल तर कमिटीपुढे काय ठेवावं लागतं, ते समजून घेऊ.

हस्तांतरण प्रीमियम म्हणजे काय?

सहकारी गृहनिर्माण संस्थेत फ्लॅट विकला जातो तेव्हा दोन गोष्टी घडतात. एक, फ्लॅटचा करारनामा नोंदवला जातो आणि सरकारला मुद्रांक शुल्क मिळतं. दुसरी, संस्थेतले विक्रेत्याचे शेअर्स आणि सभासद म्हणून असलेले हक्क खरेदीदाराच्या नावावर होतात. ही दुसरी प्रक्रिया सोसायटीत होते. तिच्यासाठी सोसायटी जी रक्कम घेते, ती साधारण तीन भागांत असते.

पहिला भाग हस्तांतरण शुल्काचा, म्हणजे ट्रान्सफर फीचा. आदर्श उपविधींनुसार ही फी ५०० रुपये आहे. दुसरा भाग नव्या सभासदाच्या प्रवेश शुल्काचा, ते १०० रुपये आहे. तिसरा आणि सगळ्यात मोठा भाग प्रीमियमचा. वाद होतात ते बहुतेक याच तिसऱ्या भागावरून. बोलताना लोक तिन्हींना मिळून 'ट्रान्सफर चार्जेस' म्हणतात आणि गोंधळाची सुरुवात तिथूनच होते. माफी आहे ती फक्त प्रीमियमला. ५०० आणि १०० रुपये घरातल्या माणसालाही भरावे लागतात.

प्रीमियम किती घेता येतो?

प्रीमियमचा दर सोसायटीची सर्वसाधारण सभा ठरवते. एकट्या कमिटीला किंवा सेक्रेटरींना तो ठरवता येत नाही. सभेलाही हवा तो आकडा लावता येत नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ७९-अ खाली राज्य सरकारने ९ ऑगस्ट २००१ रोजी काढलेल्या परिपत्रकात कमाल मर्यादा ठरवून दिल्या आहेत:

- महानगरपालिका आणि प्राधिकरण क्षेत्र: २५ हजार रुपये
- 'अ' वर्ग नगरपालिका: २० हजार रुपये
- 'ब' वर्ग नगरपालिका: १५ हजार रुपये
- 'क' वर्ग नगरपालिका: १० हजार रुपये
- ग्रामपंचायत क्षेत्र: ५ हजार रुपये

हे कमाल आकडे आहेत. सभेने १० हजारांचा ठराव केला असेल, तर मुंबईतली सोसायटीही १० हजारच घेऊ शकते. त्यामुळे पैशांची मागणी झाली की पहिला प्रश्न "किती?" असा नसावा. "सर्वसाधारण सभेच्या ठरावाची प्रत मिळेल का?" असा असावा.

माफी कुणाला आहे?

आदर्श उपविधींमधला क्रमांक ३८ हस्तांतरणाबद्दल आहे. प्रीमियमची अट कोणत्या हस्तांतरणांना लागू नाही, हे त्यातच सांगितलं आहे:

- सभासदाने स्वतःच्या कुटुंबातल्या व्यक्तीला केलेलं हस्तांतरण
- सभासदाच्या मृत्यूनंतर नॉमिनीच्या नावावर होणारं हस्तांतरण
- सभासदाच्या मृत्यूनंतर वारस किंवा कायदेशीर प्रतिनिधीच्या नावावर होणारं हस्तांतरण
- एकाच सोसायटीतल्या दोन सभासदांनी आपापसांत केलेली फ्लॅटची अदलाबदल

यातला पहिला मुद्दा नीट वाचायला हवा. कुटुंबातल्या माणसाला फ्लॅट बक्षीस दिला की विकला, असा फरक तिथे केलेला नाही. म्हणजे भावाने बहिणीकडून बाजारभावाने पैसे घेतले, तरी ते कुटुंबातलंच हस्तांतरण ठरतं. "तुम्ही पैसे घेतलेत, मग ही विक्री झाली, प्रीमियम लागणार," हा युक्तिवाद उपविधीच्या शब्दांत बसत नाही.

'कुटुंब' म्हणजे नेमकं कोण?

इथे अनेकजण फसतात. आपल्याकडे कुटुंब म्हटलं की काका, मामा, आत्या, मावशी, पुतण्या, भाचा सगळे आलेच. उपविधींतली व्याख्या मात्र ठरावीक नात्यांची यादी देते: पती, पत्नी, वडील, आई, बहीण, भाऊ, मुलगा, मुलगी, जावई, सून, मेहुणा-मेहुणी, दीर-नणंद-भावजय अशी नाती, नातू आणि नात.

या यादीत काका-पुतण्या नाहीत, मामा-भाचा नाहीत, चुलत किंवा मावसभावंडंही नाहीत. त्यामुळे मामाने भाच्याला फ्लॅट विकला, तर प्रेम कितीही असो, प्रीमियम लागतो.

आणखी एक बारकावा आहे. व्याख्या हस्तांतरण करणाऱ्या सभासदाच्या बाजूने वाचायची असते. सासऱ्यांनी जावयाला घर दिलं तर जावई यादीत आहे. जावयाने सासऱ्यांना दिलं तर यादीत 'सासरे' हा शब्द नाही. आजोबांकडून नातवाकडे गेलेलं घर यादीत बसतं. नातवाकडून आजोबांकडे गेलेलं, शब्दांवर बोट ठेवलं तर, बसत नाही. अशा वेळी व्यवहाराआधीच सोसायटीकडून लेखी उत्तर घेतलेलं बरं.

नातं सिद्ध कसं करायचं?

माफी मागणारा अर्जदार असतो. त्यामुळे पुरावा देण्याची जबाबदारीही त्याच्यावरच येते. कमिटीने कागद मागितला म्हणून ती अडवणूक करतेय, असं लगेच समजू नये. कमिटीचे सदस्य बहुतेक ठिकाणी बिनपगारी काम करणारे शेजारीच असतात. वर्षाच्या शेवटी लेखापरीक्षक विचारतो, या हस्तांतरणाला प्रीमियम का घेतला नाही? तेव्हा त्यांच्या फाइलमध्ये काहीतरी असावं लागतं.

दोन व्यक्तींची नावं एकमेकांशी जोडणारा अधिकृत कागद हवा. कोणत्या नात्यासाठी कोणता कागद चालू शकतो, ते असं:

आई-वडील आणि मुलं: मुलाचा किंवा मुलीचा जन्मदाखला. तो नसेल तर शाळा सोडल्याचा दाखला किंवा आई-वडिलांची नावं असलेला पासपोर्ट.

पती-पत्नी: विवाह नोंदणी प्रमाणपत्र. पासपोर्टवर जोडीदाराचं नाव असेल तर तोही जोडता येतो.

भाऊ-बहीण: इथे एक कागद पुरत नाही. दोघांचे जन्मदाखले किंवा शाळेचे दाखले लागतात, ज्यांवर आई-वडिलांची तीच नावं असतील. बहिणीचं लग्नानंतर नाव बदललं असेल तर विवाह प्रमाणपत्र किंवा नावबदलाचं राजपत्र जोडावं. सुरुवातीच्या उदाहरणातला पेच याच दोन-तीन कागदांनी सुटतो.

सून आणि जावई: मुलाचा किंवा मुलीचा जन्मदाखला आणि त्यांचं विवाह प्रमाणपत्र, असे दोन दुवे.

नातू आणि नात: आजोबा ते मुलगा आणि मुलगा ते नातू, असे दोन्ही पिढ्यांचे दाखले.

जुन्या पिढीचे जन्मदाखले अनेकदा नसतात. रेशनकार्डावर एकत्र नावं असतील तर त्याचा उपयोग होतो. सोबत नात्याचं नोटरी केलेलं प्रतिज्ञापत्र द्यावं. पण नुसतं प्रतिज्ञापत्र हा अर्जदाराने स्वतःविषयी केलेला दावा असतो. त्याला एखाद्या जुन्या कागदाचा आधार असेल तर कमिटीला नाही म्हणणं अवघड जातं.

नावांतले फरकही आधीच पाहावेत. एका कागदावर 'दत्तात्रय' आणि दुसऱ्यावर 'दत्ता', एकावर वडिलांचं पूर्ण नाव आणि दुसऱ्यावर फक्त आद्याक्षर, असं असेल तर दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत असं प्रतिज्ञापत्र सोबत असावं.

मृत्यूनंतरचं हस्तांतरण आणि मग विक्री

वडील गेले, फ्लॅट त्यांच्या नावावर आहे आणि मुलांना तो बाहेरच्या माणसाला विकायचा आहे. अशा वेळी हस्तांतरण एकदा नव्हे, दोनदा होतं.

पहिलं हस्तांतरण वडिलांकडून वारसांकडे. याला प्रीमियम नाही. दुसरं वारसांकडून खरेदीदाराकडे. ही नेहमीची विक्री आहे, त्यामुळे तिला प्रीमियम लागतो. इथे दोन चुका होतात. काही सोसायट्या दोन्ही टप्प्यांवर प्रीमियम मागतात, ते चूक आहे. काही वारसांना वाटतं की घर वारसाहक्काने आलं म्हणून विकतानाही माफी आहे. तेही चूक आहे.

पहिल्या टप्प्याच्या माफीसाठी मृत्यूचा दाखला, मूळ शेअर सर्टिफिकेट आणि वारस असल्याचा पुरावा लागतो. २०१९ च्या दुरुस्तीने सहकार कायद्यात गृहनिर्माण संस्थांसाठी स्वतंत्र प्रकरण आलं. त्यातल्या कलम १५४ब-१३ नुसार मृत्युपत्र, उत्तराधिकार प्रमाणपत्र, वारस दाखला किंवा हक्कदार वारसांनी मिळून केलेला कौटुंबिक व्यवस्थेचा दस्त, यांच्या आधारे हस्तांतरण होतं. फक्त नॉमिनेशन असेल, तर नॉमिनीला तात्पुरता सभासद म्हणून घेतलं जातं.

याचा अर्थ असा की नॉमिनी म्हणून नाव लागताना प्रीमियम वाचतो, पण त्यामुळे नॉमिनी घराचा मालक होत नाही. बाकीच्या वारसांचा हक्क कायम राहतो. एकट्या नॉमिनीच्या सहीवर घर विकत घेणाऱ्याने हे लक्षात ठेवायला हवं.

अर्ज कसा करायचा?

उपविधींनुसार विक्रेत्याने हस्तांतरणाची १५ दिवसांची आगाऊ नोटीस ठरावीक नमुन्यात द्यायची असते, सोबत खरेदीदाराचं संमतीपत्र. त्यानंतर दोघांचे अर्ज, शेअर सर्टिफिकेट, नोंदणी केलेल्या दस्ताची प्रत आणि शुल्क.

माफी हवी असेल तर ती अर्जातच मागावी. "हे हस्तांतरण सख्ख्या बहिणीला असल्याने उपविधी क्रमांक ३८ नुसार प्रीमियम लागू नाही. नात्याचे पुरावे सोबत जोडले आहेत," एवढी दोन वाक्यं पुरतात. जोडलेल्या कागदांची यादी लिहावी. दुसऱ्या प्रतीवर सोसायटीचा शिक्का, तारीख आणि सही घ्यावी. तोंडी बोलण्याची नोंद कुठेच राहत नाही, ही पोच राहते.

आधी एक गोष्ट मात्र तपासावी. देखभाल खर्चाची थकबाकी, सिंकिंग फंड, व्याज यांना ही माफी लागू नाही. बाकी शिल्लक असेल तर सोसायटी हस्तांतरण रोखू शकते आणि मग नात्याचे पुरावे पाहण्याची वेळच येत नाही.

एनओसीबद्दल आणखी एक गैरसमज आहे. सभासदाचे शेअर्स आणि हक्क हस्तांतरित करायला सोसायटीच्या एनओसीची गरज नाही, असं उपविधी ३८ मध्येच म्हटलं आहे. कुणाला ती हवी असेल तर त्याने अर्ज करावा आणि कमिटीने एका महिन्यात त्यावर गुणवत्तेनुसार विचार करावा, अशी तरतूद आहे. प्रत्यक्षात खरेदीदाराची बँक एनओसी मागते, त्यामुळे ती घ्यावीच लागते. म्हणून अर्ज शेवटच्या आठवड्यात न करता टोकन देतानाच केलेला बरा.

सोसायटीने ऐकलंच नाही तर?

कधी मागणी प्रीमियमच्या नावाने होत नाही. विकास निधी, रंगकाम निधी, लिफ्ट निधी किंवा 'स्वेच्छा देणगी' अशी नावं येतात. उपविधींत याचंही उत्तर आहे. प्रीमियमव्यतिरिक्त देणगी, अन्य निधीतलं योगदान किंवा दुसऱ्या कोणत्याही सबबीखाली विक्रेत्याकडून किंवा खरेदीदाराकडून जादा रक्कम घेता येत नाही. मुंबई उच्च न्यायालयानेही २००९ मध्ये प्राप्तिकराच्या एका प्रकरणात म्हटलं होतं की मर्यादेपेक्षा जास्त घेतलेली रक्कम परत करायला सोसायटी बांधील आहे.

कमिटी माफी नाकारत असेल तर कारण लेखी मागावं. लेखी कारण द्यायची वेळ आली की अनेक वाद तिथेच मिटतात. तरीही मिटलं नाही, तर त्या भागाच्या उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्या कार्यालयात तक्रार करता येते. सोबत अर्जाची पोच, नात्याचे पुरावे आणि सोसायटीचं पत्र जोडावं.

काही वेळा थांबणं परवडत नाही. बँकेच्या मंजुरीची मुदत संपत आलेली असते किंवा विक्रेत्याने पुढच्या घराचे पैसे द्यायचे असतात. अशा वेळी रक्कम भरावी लागलीच तर चेकने किंवा ऑनलाइन भरावी आणि 'हरकत राखून रक्कम भरत आहोत' असं पत्र त्याच दिवशी द्यावं. पावतीवर रक्कम कशासाठी घेतली ते स्पष्ट लिहून घ्यावं. रोख दिलेली आणि पावती नसलेली रक्कम पुढे परत मागायला काहीच आधार उरत नाही.

ही माफी कुठे चालत नाही?

उपविधींतली माफी फक्त सोसायटीच्या प्रीमियमपुरती आहे. जमीन सिडकोची भाडेपट्ट्याची असेल किंवा इमारत जिल्हाधिकाऱ्यांनी दिलेल्या सरकारी जमिनीवर असेल, तर त्या यंत्रणेची हस्तांतरणाची परवानगी आणि शुल्क वेगळं असतं. तिथे सोसायटीचं 'प्रीमियम लागू नाही' हे पत्र दाखवून उपयोग नाही.

इमारत सोसायटी नसून अपार्टमेंट असेल, म्हणजे १९७० च्या महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप कायद्याखाली नोंदलेली असेल, तर तिथे त्या कायद्याखालची घोषणापत्रं आणि उपविधी पाहावे लागतात. त्यामुळे आपली इमारत कोणत्या कायद्याखाली आहे, हे आधी पाहावं.

मुद्रांक शुल्काची यादीही वेगळी आहे. महाराष्ट्रात राहतं घर पती, पत्नी, मुलगा, मुलगी, नातू, नात किंवा दिवंगत मुलाच्या पत्नीला बक्षीसपत्राने दिलं तर मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे. या यादीत भाऊ-बहीण नाहीत. सोसायटीच्या यादीत मात्र ते आहेत. म्हणजे भावाने बहिणीला घर बक्षीस दिलं, तर सोसायटीचा प्रीमियम वाचेल, पण २०० रुपयांची सवलत मिळणार नाही. एका कार्यालयात चाललेलं नातं दुसऱ्या कार्यालयात चालेलच असं नाही.

व्यवहाराआधी काय पाहावं?

प्रत्येक सोसायटीने स्वतःचे मंजूर उपविधी स्वीकारलेले असतात. त्यामुळे आपल्या सोसायटीच्या उपविधींची प्रत मागून त्यातली 'कुटुंबा'ची व्याख्या आणि हस्तांतरणाचा उपविधी वाचावा. प्रीमियम लागणार असेल तर तो विक्रेता भरणार, खरेदीदार भरणार की निम्मा-निम्मा, हे करारनाम्यातच लिहावं. माफी मिळणार असेल तर नात्याचे दाखले सही करायच्या आधीच काढून ठेवावेत. गावच्या ग्रामपंचायतीतून जुना जन्मदाखला किंवा बंद पडलेल्या शाळेचा दाखला मिळवायला कधीकधी करारनाम्याच्या नोंदणीपेक्षा जास्त दिवस लागतात.

उदाहरणातल्या बहिणीने नेमकं हेच करायला हवं. भावाचा आणि स्वतःचा शाळेचा दाखला, स्वतःचं विवाह प्रमाणपत्र आणि दोन ओळींचा अर्ज. त्यावर सेक्रेटरी लेखापरीक्षकालाही उत्तर देऊ शकतात आणि बँकेलाही पत्र देऊ शकतात. मग तिला भरायचे उरतात ते ट्रान्सफर फी आणि प्रवेश शुल्काचे मिळून ६०० रुपये.